उपवासापूर्वींची झाडलोट

माघ महिना सरत आला कीं मूलच्या आसपासच्या रानाचें रूप पालटूं लागतें. सागाचीं पानें गळून पडतात, पळसाच्या निष्पर्ण फांद्यांवर काळपट कळ्यांतून केशरी रंग डोकावूं लागतो, आणि गांवोगांवचीं माणसें खराटे घेऊन मोहाच्या झाडांखालीं जातात. मोह अजून फुललेला नसतो. फूल गळावयाचें तें फाल्गुन-चैत्रांत, तेंहि पहाटेच्या प्रहरीं. परंतु ज्या जागेवर तें पडावयाचें ती जागा आधींच स्वच्छ करून ठेवावी लागते. पाचोळ्यांत पडलेलें मोहफूल वेंचतां वेंचतां ऊन वर येतें आणि अर्धेंअधिक फूल तेथेंच राहून जातें. झाडलेल्या जमिनीवर मात्र पिवळसर मोत्यांचा सडा पडल्यासारखा दिसतो. झाडाला घाई कोणीहि करूं शकत नाहीं. माणसाच्या हातीं असते ती खालची जमीन.

या झाडलोटीचा आणि ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा वरवर पाहतां कांहीं संबंध नाहीं. परंतु दोहोंचा ऋतु एक आहे. ईस्टरपूर्वींचे चाळीस दिवस ख्रिस्ती समाज उपवास, प्रार्थना व दानधर्म यांत घालवितो. मराठींत त्यास उपवासकाळ, प्रायश्चित्तकाळ किंवा तपःकाळ म्हणतात. गोव्यांतील कोंकणींत पोर्तुगीजांतून आलेला कोरेज्म हा शब्द रूढ असून तो चाळीस या संख्येवरूनच बनला आहे. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजूं गेल्यास दिवस ४६ भरतात. परंतु रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशीं उपवास नाहीं, म्हणून ६ रविवार वजा करून ४० उरतात. इंग्रजींतील लेंट हा शब्द तर मूळचा वसंत ऋतूचा वाचक. थंड देशांत हा काळ अंकुर फुटण्याचा असतो. झाडीपट्टींत हाच काळ पानगळीचा, वणव्यांचा, आणि बोड्या म्हणजे शेतालगतचीं लहान तळीं आटूं लागण्याचा.

या चाळीस दिवसांचें मूळ येशूच्या चरित्रांत आहे. बाप्तिस्मा झाल्यावर आणि लोकांपुढें उपदेशास उभा राहण्यापूर्वीं तो चाळीस दिवस रानांत उपाशी राहिला, असें शुभवर्तमानकार सांगतात. हें रान यहूदिया प्रांताचें. उघडेबोडके डोंगर, दगडधोंडे, आणि पाण्याचा टिपूस नाहीं. मूलच्या माणसाला रान म्हटलें कीं मोह, तेंदू, चारोळी आणि बांबूचे कोंवळे कोंब आठवतात. वाईट वर्षांत रानानेंच त्याच्या वाडवडिलांना तगविलें. त्यामुळें रानांत जाऊन उपाशी राहिला हें वाक्य येथील श्रोत्याला थोडें चमत्कारिक वाटल्यास नवल नाहीं. येथें रानांत गेल्यानें उपास घडत नाहीं. तो ठरवूनच करावा लागतो.

आतां कोणी विचारील कीं, हे चाळीस दिवस मुळांत ईस्टरच्या तयारीचेच आहेत, मग तयारीची आणखी तयारी कशाला? प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर ज्याच्या त्याच्या अनुभवांत सांपडतें. उपवासकाळांत सामान्यतः विवाह लावीत नाहींत, म्हणून त्यापूर्वींच्या आठवड्यांत लग्नांची एकच गर्दी उसळते. झाडीपट्टींत त्याच सुमारास रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांचा हंगाम असतो. गोव्यांत तर उपवासाच्या आधींचे तीन-चार दिवस इंत्रूज म्हणून नाचगाण्यांतच जातात. अशा धामधुमींतून उठून माणूस राख लावून घेण्यास जातो. कपाळावर राख लागते, पण काय सोडावयाचें, कोणासाठीं सोडावयाचें, याचा विचारच झालेला नसतो. मग पहिला आठवडा विचारांत जातो, दुसरा सबबींत, आणि मधल्या रविवारीं लक्षांत येतें कीं आतां निम्मे दिवस संपले.

पूर्वींच्या लोकांना माणसाचा हा स्वभाव चांगलाच ठाऊक होता. पाश्चात्य चर्चच्या जुन्या पंचांगांत राखेच्या बुधवारापूर्वींचे तीन रविवार याच कामासाठीं राखून ठेवलेले होते. त्यांचीं नांवें लॅटिन संख्यांवरून पडलेलीं. मराठींत त्यांना सत्तरीचा, साठीचा व पन्नाशीचा रविवार म्हणतां येईल. त्या दिवसांपासून उपासनेंत आल्हादाचे घोष थांबत आणि धर्मगुरूच्या अंगावर जांभळीं वस्त्रें येत. परंतु उपवास मात्र सुरू झालेला नसे. रोमन चर्चनें १९७० पासून अमलांत आलेल्या सुधारलेल्या पंचांगांतून हे तीन रविवार काढून टाकले. हेतु सुटसुटीतपणाचा होता. तरी त्यांत कांहीं हरवलें असें म्हणावयास जागा आहे.

पौर्वात्य परंपरेंत ही तयारी आजहि टिकून आहे, आणि तिचा संबंध थेट मूलच्या प्रदेशाशीं येतो. पूर्वींच्या चांदा जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकांत स्कॉटिश एपिस्कोपल चर्चनें आपलें मिशन घातलें. काशीचे विद्वान पंडित नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांनींहि चांद्यास कांहीं काळ काम केलें. पुढें १९७० साली नागपूर येथें उत्तर भारतीय मंडळीची स्थापना झाली आणि अँग्लिकन परंपरेचीं हीं मंडळें तींत सामील झालीं. दुसऱ्या बाजूस, १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे हा प्रदेश सोंपविण्यांत आला. १९७७ साली चांदा हा त्या चर्चचा पूर्ण धर्मप्रांत झाला, आणि त्याचें मुख्य ठाणें बल्लारपूर येथें आहे. १९८२ साली चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी या धर्मप्रांताचें नांव चांदा असेंच राहिलें.

या दोन परंपरांत एक मौजेचा फरक आहे. पाश्चात्य पद्धतीनें उपवासकाळ बुधवारीं सुरू होतो. सिरो-मलबार परंपरेंत तो दोन दिवस आधीं, सोमवारीं, आणि त्या राखेला केरळांत विभूति असेंच म्हणतात. २०२६ सालच्या पंचांगांत महाशिवरात्र १५ फेब्रुवारीस, विभूतीचा सोमवार १६ ला, राखेचा बुधवार १८ ला, आणि रमजानचा आरंभहि त्याच आठवड्यांत. म्हणजे मूलकडील माणसें शिवरात्रीच्या यात्रेस वैनगंगेकांठच्या मार्कंड्याकडे निघालेलीं, आणि त्याच दोन-तीन दिवसांत त्यांचे ख्रिस्ती व मुसलमान शेजारी आपापल्या उपवासांच्या तयारींत. एका गल्लींत तीन प्रकारचे उपास चालले असतां कोणी कोणास उपदेश करावयास नको.

सिरो-मलबार परंपरेंत महाउपवासाच्या तीन आठवडे आधीं तीन दिवसांचा एक लहान उपवास येतो. त्यास निनवेचा उपवास म्हणतात. योना संदेष्ट्याची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. देवानें त्याला निनवे नगरास जाऊन तुमचा नाश होणार असें सांगावयास पाठविलें; तो पळाला, माशाच्या पोटांत तीन दिवस राहिला, आणि अखेर गेला. निनवेच्या लोकांनीं त्याचें ऐकलें. राजा सिंहासनावरून उतरून राखेंत बसला आणि नगरांतील गुराढोरांनासुद्धां उपास घडला. देवानें नगर वाचविलें, आणि योना मात्र रुसून बसला, कारण त्याचें भाकीत खोटें ठरलें! उपवासाच्या दाराशींच ही कथा ठेवण्यांत मोठें मर्म आहे. दुसऱ्याचें भलें झालेलें पाहून ज्याचा जीव खट्टू होतो त्या माणसाला आपली तयारी कोठून सुरू करावयाची तें योना दाखवितो.

या उपवासानंतर, महाउपवासाच्या उंबरठ्यावरचा जो रविवार, त्यास पेत्तुर्ता असें सिरियाक नांव आहे. मागें वळून पाहणें असा त्याचा अर्थ सांगतात. वर्षभराचें मागें वळून पाहावें आणि ज्यांच्याशीं बिनसलें त्यांच्याशीं तोंड गोड करून मगच पुढें पाऊल टाकावें, असा त्या दिवसाचा भाव.

मराठी भाषेला हा विषय नवा नाहीं. इंग्रज जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं रचलेलें ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें; जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ पुढें अनेक पिढ्या कोंकणांतील देवळांत व घरांत वाचला गेला. त्याच शतकांत फ्रान्सिस्को वाझ दे गिमारायेंश या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें येशूच्या दुःखसहनाचें पुराण उत्तर कोंकणच्या बोलींत रचलें, आणि तें मुंबई-वसईकडील ख्रिस्ती घरांत उपवासकाळांत गाइलें जाई. अशा वाचनास बसण्यापूर्वीं घर सारवणें, दिवा लावणें आणि शेजाऱ्यास बोलावणें आलेंच.

तयारीला किती काळ लागतो याचें एक उदाहरण नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रांत सांपडतें. १८९३ साली नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. त्यानें त्यांच्याशीं कवितेविषयीं गोष्टी केल्या, नवा करार हातीं दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकीत केलें. टिळकांनीं तें हंसण्यावारी नेलें खरें, पण पुस्तक वाचलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षीं ईस्टर १४ एप्रिलला होता. मागें मोजून पाहिलें तर १० फेब्रुवारी हा नेमका वर सांगितलेला सत्तरीचा रविवार, तयारीचा पहिला रविवार, असें दिसून येतें. ज्या अमेरिकन मराठी मिशनाशीं टिळकांचा संबंध जडला त्यांत असल्या तिथींस फारसें महत्त्व नव्हतें. तेव्हां हा योग कोणी जुळवून आणलेला नव्हे. परंतु ती दोन वर्षें सुखाची नव्हतीं, आणि पुढचीं तर मुळींच नव्हतीं. लक्ष्मीबाईंना कांहीं वर्षें पतीवांचून, लोकांचीं बोलणीं सोसीत काढावीं लागलीं. एकाच्या मनाची तयारी होत असतां तिची किंमत घरांतलें दुसरें माणूस भरीत असतें, हें लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांवांचून मराठी वाचकाला इतकें लख्ख कळलें नसतें.

म्हणून तयारीची सुरुवात घरापासून. समजा, मूलसारख्या गांवीं एक ख्रिस्ती कुटुंब आहे. घरांत दोघे भाऊ, वांटणी झालेली, दोघांच्या धानाच्या बांध्या एकमेकींस लागून. मधला धुरा वडिलांच्या वेळचा. मोठ्याचें म्हणणें असें कीं धाकटा दरसाल नांगरतांना एकेक तास आंत सरकतो. धाकट्याचें म्हणणें कीं मोजणीच चुकीची झाली. तीन वर्षें बोलणें नाहीं. दोघेहि रविवारीं उपासनेस येतात, एक डाव्या बाजूस बसतो, एक उजव्या. मोठ्यानें यंदा उपवासकाळांत चहा सोडण्याचें ठरविलें आहे.

चहा सोडणें वाईट नाहीं. पण येशूनें डोंगरावरील प्रवचनांत याविषयीं जें सांगितलें आहे तें फार स्पष्ट आहे. वेदीशीं अर्पण घेऊन गेला असतां भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं भावाकडे जावें, असा त्याचा आशय. यांत एक बारकावा आहे तो सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. चूक कोणाची हा प्रश्न तेथें विचारलेला नाहीं. धुरा कोणी सरकविला, मोजणी कोणाची खरी, हें तलाठ्यानें पाहावें. जावयाचें आहे तें ज्याला आठवण झाली त्यानें. चहा सोडणें सोपें वाटतें तें यामुळेंच. चहाकडे जाऊन क्षमा मागावी लागत नाहीं.

खाण्यापिण्याच्या नियमांचेंहि असेंच. लॅटिन चर्चच्या नियमाप्रमाणें उपवासकाळांतील शुक्रवारीं मांस वर्ज्य, आणि अठरा ते एकोणसाठ वर्षें वयाच्या माणसांना राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवशीं उपवास बंधनकारक आहे. मासळीस मात्र मनाई नाहीं. ज्या गांवांत बोडीची मासळी आणि भात हेंच रोजचें जेवण, तेथें शुक्रवारीं मटणाऐवजीं मोठा रोहू आणवून त्याचा रस्सा ओरपणें म्हणजे नियमाचें अक्षर पाळणें झालें, इतकेंच. कडक पौर्वात्य रीतींत मांस, मासे, अंडीं आणि दूधसुद्धां पन्नास दिवस बंद. पण तेंहि सर्वांना सारखें लागूं करतां येत नाहीं. जो मजूर उन्हाळ्यांत एक वेळच जेवतो त्याला उपास शिकवावयास जाणें हें निर्दयपणाचें होईल. त्याच्यासाठीं धर्मगुरूनें आधींच दुसरी वाट सांगून ठेवावी.

अशी एक वाट दूरच्या मिझोरमांत सांपडते. तेथील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून दोन्ही वेळां स्वयंपाकासाठीं तांदूळ काढतांना त्यांतली एक मूठ बाजूच्या भांड्यांत टाकतात आणि सांठलेला तांदूळ मंडळीच्या कामासाठीं देतात. जेवणारास ती मूठ कमी झाल्याचें कळतहि नाहीं. परंतु हात मात्र रोज दोनदां थांबतो. मूलचा मुलूख तर भाताचाच. उपवासकाळापूर्वीं असें एक भांडें घरांत मांडून ठेवावयास कोणाची हरकत असूं नये. मात्र तें चाळीस दिवसांनीं कोणाच्या दारीं जावयाचें हें आधीं ठरलेलें असावें.

आतां दारूविषयीं. याविषयीं बोलल्यावांचून या जिल्ह्यांत उपवासाच्या गोष्टी करणें म्हणजे मुख्य गोष्ट टाळणें होय. मोहाच्या ज्या फुलासाठीं जमीन झाडावयाची त्याचीच दारू निघते. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यांत ती व्हावी म्हणून २०१० च्या डिसेंबरांत स्त्रियांनीं चिमूरहून नागपुरापर्यंत पायीं मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून बंदी अमलांत आली, आणि २०२१ साली सरकारनें ती उठविली. ती तारीख ख्रिस्ती पंचांगांत पाहिली तर २०१५ चा ईस्टर ५ एप्रिलला होता, म्हणजे बंदीचा पहिला दिवस पवित्र आठवड्यांतला बुधवार होता. ज्या स्त्रिया पायीं नागपुरास गेल्या त्यांच्या दुःखाचें मोल कमी करूं नये. दुकान डोळ्यांआड झाल्यानें कित्येक घरांत संध्याकाळीं चूल पेटली असेल. पण सरकार उठवूं शकतें तें सरकारनेंच घातलेलें बंधन. माणसानें स्वतः घातलेलें बंधन उठविण्याचा अधिकार त्याचा त्यालाच, आणि संकट आहे तें तेथेंच.

यासाठीं राखेच्या आधीं एक काम करावें लागतें: त्या गोष्टीचें नांव घेणें. यंदा कांहीं तरी सोडूं, असें मोघम म्हणण्यानें कांहींच सुटत नाहीं. दारू असेल तर दारू म्हणावें, जुगार असेल तर जुगार, जीभ असेल तर जीभ. आणि तें निदान एका माणसाला सांगावें. येथें कोणी आक्षेप घेईल कीं उपास गुप्तपणें करावा, तोंड धुवून व केंस विंचरून करावा, लोकांना दाखवूं नये, अशीच तर येशूची शिकवण आहे. ती खरीच आहे. पण ती मनाई चव्हाट्यावर दवंडी पिटण्यास आहे, सोबत घेण्यास नाहीं. मूल, सावली, सिंदेवाही या तालुक्यांत पहाटे मोह वेंचावयास शहाणीं माणसें एकट्यानें जात नाहींत. वाघाचें भय असतें. दोघे-चौघे मिळून जातात, अधूनमधून हांक देतात. ज्याला दारू सोडावयाची आहे त्याच्या बायकोला ही गोष्ट बुधवारच्या आधीं ठाऊक असेल तर तिसऱ्या आठवड्यांत हांक देणारें कोणी तरी असेल.

एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. मोहाखालची जागा साफ करण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाचोळ्याला काडी लावणें. घटकाभरांत जमीन काळी व स्वच्छ होते. पण वारा फिरला तर तीच आग रानभर पसरते, लहान रोपें करपतात, पक्ष्यांचीं घरटीं जातात. म्हणून वनखातें दरसाल लोकांना काडी लावूं नका, खराटा घ्या किंवा झाडाखालीं जाळी बांधा असें विनवीत असतें. उपवासाच्या नव्या उत्साहांत कांहीं भाविक हेंच करतात. स्वतःवर इतके कडक नियम लादून घेतात कीं आठ दिवसांत घरांतलीं मुलेंबाळें त्यांच्या चिडखोरपणानें होरपळून निघतात. त्यापेक्षां रोज थोडें झाडावें. पंधरा मिनिटें उठण्याची वेळ अलीकडे आणावी, दिवसाचा एक प्रसंग रात्रीं आठवून पाहावा, आणि देवापुढें जें बोलावयाचें तें साध्या मराठींत बोलावें. तयारीच्या दिवसांत एवढें जमलें तर पुरे. बाकीचें चाळीस दिवस आहेतच.

राख ही गेल्या वर्षींच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारीं मोठ्या आनंदानें हातांत धरून मिरविलेलीं, मग घराच्या आढ्याला किंवा क्रुसामागें खोंचून ठेवलेलीं, वाळून कुरकुरीत झालेलीं तीं पानें उपवासाच्या तोंडावर मंडळींत परत आणून देतात आणि तीं जाळून राख करतात. तीं काढावयास मोठा भाऊ शिडी लावील तेव्हां वडिलांच्या तसबिरीमागची झावळीहि त्याच्या हातीं येईल. ती दोघांची समाईक. धाकट्याच्या घरचीहि एक असेलच, ती मागण्याच्या निमित्तानें त्याच्या दारीं जातां येईल. चहा विचारला जाईल किंवा नाहीं. विचारला तर घ्यावा, कारण बुधवार अजून उजाडलेला नाहीं. मोठ्याच्या अंगणापासून धाकट्याच्या ओट्यापर्यंतचें अंतर, मधला धुरा धरला तरी, पांच मिनिटांच्या वर नाहीं.